जुनी बार्न, गव्हाणी घुबड आणि बर्क्स काउंटीचे आडरस्ते

पाणकणीस | १९ मे, रात्री १०.४५

गेल्या शनिवारी अण्णांना घेऊन पेनसिल्व्हेनियातल्या बर्क्स काउंटीत दिवसभर भटकून आले. अण्णा म्हणजे माझे वडील. सारी हयात फलटण तालुक्यात शेतीत गेली. इकडे आल्यापासून मॉल नको, म्युझियम नको. "शेती कुठंय तुमच्याकडं?" हा एकच प्रश्न. म्हणून न्यू जर्सीहून इंटरस्टेट ७८ धरला, लेनहार्ट्सविलला उतरलो आणि केम्प्टनच्या दिशेने १४३ नंबरच्या रस्त्याला लागलो.

दहा मिनिटांत अण्णा म्हणाले, "थांब जरा." समोर उतारावर एक मोठं बार्न होतं. खालचा मजला दगडाचा, वरचा लाकडी, रंग उडत आलेला तांबडा. अण्णा गाडीतून उतरून कुंपणाशी उभे राहिले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "वैरण वर, जनावरं खाली. वरून ढकलली की थेट गव्हाणीत. डोक्यावर भारा वाहायचा नाही."

मी या रस्त्याने निदान वीस वेळा गेले असेन. फोटो काढले, सुंदर म्हटलं, पुढे गेले. अण्णांनी पहिल्या नजरेत त्यातलं काम पाहिलं.

याला इकडे बँक बार्न म्हणतात. टेकडीच्या उतारात बांधतात. मागच्या बाजूने मातीचा चढ, त्यावरून गाडी भरल्या गवतासकट थेट वरच्या मजल्यावर. पुढच्या बाजूला खालचा मजला उघडा, तिथे गाईगुरं. वरचा मजला खालच्या भिंतीच्या चार-सहा फूट पुढे आलेला असतो, म्हणजे पावसात आणि बर्फात जनावरांच्या दाराशी कोरडं राहतं. ही बाजू शक्यतो दक्षिणेला किंवा आग्नेयेला, हिवाळ्याचं ऊन मिळावं म्हणून. अठराव्या शतकात इथे आलेल्या जर्मन भाषक शेतकऱ्यांनी ही पद्धत रुजवली.

आम्ही उभे होतो तेवढ्यात घरातून मालक आले. वय अण्णांच्याच आसपास. मी सांगितलं, वडील शेतकरी आहेत, भारतातून आलेत. त्यांनी हाताने खूण केली, चला आत.

आत गेल्यावर मधोमध रुंद फळ्यांची मोकळी जमीन, दोन्ही अंगांना गवताचे गठ्ठे आढ्यापर्यंत. ती मधली जागा म्हणजे मळणीची. पूर्वी इथे गव्हाच्या पेंढ्या झोडपायचे आणि समोरासमोरची दारं उघडून त्या वाऱ्यावर उफणायचे. अण्णा म्हणाले, "खळंच की हे. घरात आणलंय." मालकांना मी ते भाषांतर करून सांगितलं. ते म्हणाले, इथे पाऊस कधी येईल सांगता येत नाही. आपली ज्वारी फेब्रुवारी-मार्चात निघते, तेव्हा आभाळ कोरडं, म्हणून आपलं खळं उघड्यावर चालतं. इतकी साधी गोष्ट, पण मला कधी सुचली नव्हती.

आणि भिंगऱ्या! बार्न स्वॉलो. आमच्या डोक्यावरून आत-बाहेर, आत-बाहेर. तुळईच्या कडेला, जुन्या दिव्याच्या होल्डरच्या वर, अर्ध्या वाटीसारखं चिखलाचं घरटं. चिखलाचा एकेक दाणा वेगळा दिसतो, चोचीतून एका खेपेला तेवढाच येतो. एका घरट्याला अशा हजाराच्या वर खेपा लागतात. काठावरून कोंबडीचं एक पांढरं पीस बाहेर आलेलं होतं. दाराचे दोन भाग, वरचा आणि खालचा. मालक म्हणाले, एप्रिल ते ऑगस्ट आम्ही वरचा भाग लावतच नाही, त्यांना जायला-यायला वाट लागते.

दिवसभरात बाकीचे पक्षी असे: तारेवर केस्ट्रेल (आपल्या खरूचीची अमेरिकन बहीण, इथला सर्वांत लहान ससाणा), कुंपणावर लावलेल्या घरट्याच्या खोक्यावर ब्लूबर्ड, रानात पिवळ्या छातीवर काळा 'व्ही' असलेला मेडोलार्क, आणि पंखांचा उथळ 'व्ही' करून डुलत जाणारी टर्की गिधाडं कितीतरी. एका शेताच्या कडेला किलडीअर पंख मोडल्यासारखा फरफटत आमच्यापासून दूर पळाला. अण्णा लगेच म्हणाले, "टिटवीय ही. अंडी जवळच असणार, मागं सर." खरंच टिटवीच्याच कुळातला आहे तो.

तुम्ही कुठे-कुठे अशी भटकंती केलीय? बार्न, पक्षी, रस्ते, सगळं लिहा. आणि बार्नला मराठीत काय म्हणावं?


कडबाकुट्टी | २० मे, सकाळी ६.१०

अण्णांना मंगळवेढ्याहून नमस्कार सांगा ताई. एका शब्दात नाही बसायचं ते. आपल्याकडं तीन जागा वेगळ्या: जनावरं गोठ्यात, मळणी खळ्यावर, धान्य कणगीत नाहीतर पेवात. कडबा तर उघड्यावरच, बुचाड रचून. तुमच्या त्या एका इमारतीत आमचा सगळा वाडा आला. तेव्हा बार्नच म्हणा.

पण एक शब्द आपल्याकडं आहे. बार्न आऊलला मराठीत गव्हाणी घुबड म्हणतात. त्यांनी कोठारावरून नाव ठेवलं, आपण गव्हाणीवरून. दोन्ही लोकांनी त्याला जनावरांच्या जवळच पाहिलं.

आमच्या जुन्या वाड्याच्या माळ्यावर जोडी होती. तोंड बदामासारखं पांढरं, रात्री फुस्स असा आवाज. आजी म्हणायची अशुभ असतं, हाकला. आजोबा म्हणायचे, उंदीर कोण खाणार मग? आजोबांचं ऐकलं म्हणून ती राहिली. पुढं वाडा पाडून स्लॅब टाकला. माळा गेला, जोडी गेली. आता ज्वारीच्या थप्पीला उंदराचं औषध ठेवावं लागतं. मला याचं वाईट वाटतं, अजून वाटतं.


आजोळ | २० मे, सकाळी ९.३०

किती छान लिहिलंय. आम्ही फिलाडेल्फियाजवळ राहतो, मुलं ८ आणि ५ वर्षांची. जूनमध्ये जायचा विचार आहे. दोन प्रश्न. गाडी कुठे थांबवायची? आणि त्या भागात बार्नवर रंगीत चक्रं काढलेली असतात ना, आमिश लोक भुताखेतांपासून रक्षण म्हणून काढतात ती? मुलांना दाखवायची आहेत.


सुतारपक्षी | २० मे, दुपारी १.०५

@आजोळ, आमिश लोक ती चक्रं काढत नाहीत. ही चूक फार जण करतात, आम्हीही केली होती. हेक्स साइन काढणारे पेनसिल्व्हेनिया जर्मनच, पण लुथेरन आणि रिफॉर्म्ड चर्चवाले. आमिश आणि मेनोनाइट हे साधेपणा पाळणारे ख्रिस्ती पंथ, ते बार्न साधीच ठेवतात. लँकेस्टरला आमिश जास्त, तिथे हेक्स शोधत फिरलात तर दुकानातल्याच दिसतील. बर्क्समध्ये खऱ्या बार्नवर दिसतात. लेनहार्ट्सविलवरून जाणाऱ्या जुन्या २२ नंबरच्या रस्त्याला हेक्स हायवेच म्हणतात.

भुताखेतांचं म्हणाल तर त्यावर वाद आहे. 'हेक्स' म्हणजे जर्मनमध्ये चेटकीण, आणि हे नाव १९२४ च्या एका प्रवासवर्णनातून पसरलं. स्थानिक डाइच (पेनसिल्व्हेनिया जर्मन) बोलीत त्यांना नुसतं 'श्टान्ने' आणि 'ब्लुम्मे' म्हणतात, म्हणजे तारे आणि फुलं. मला स्वतःला तारे-फुलंच पटतं. एकोणिसाव्या शतकात रंग परवडायला लागला तेव्हा बार्नवर चक्रंही आली. अर्थात तीच फुलं त्यांच्या जन्मदाखल्यांवर, पेट्यांवर आणि थडग्यांवरही आहेत, त्यामुळे 'नुसती शोभा' म्हणणंही अपुरं आहे.

मुलांना दाखवायची तर कंपास बरोबर घ्या. त्यातलं सहा पाकळ्यांचं फूल म्हणजे आपण गणिताच्या तासाला वहीच्या मागच्या पानावर काढायचो तेच. त्रिज्या न बदलता वर्तुळावर फिरत जायचं.


पाणकणीस | २० मे, संध्याकाळी ७.२०

@सुतारपक्षी, मनापासून आभार, मलाही दोन नव्या गोष्टी कळल्या. @आजोळ, थांबायचं ते चर्चच्या किंवा दुकानाच्या आवारात, किंवा जिथे रस्त्याची कड रुंद आणि पक्की असेल तिथे. मेमध्ये पावसानंतर गवताळ कडेवर चाक घालू नका, रुततं. गाडीतून उतरायची घाई नको. पक्षी गाडीला फारसे घाबरत नाहीत, दार उघडलं की उडतात. काच खाली, इंजिन बंद, दुर्बीण दारावर टेकवलेली, एवढं पुरतं.

झाडांवर किंवा खांबांवर जांभळा उभा पट्टा दिसला तर आत जायचं नाही. २०२० पासून पेनसिल्व्हेनियात त्याचा अर्थ प्रवेशबंदीच्या पाटीइतकाच पक्का आहे. आणि लँकेस्टरला गेलात तर आमिश माणसांचे चेहरे येतील असे फोटो काढू नका, त्यांना ते पटत नाही.


ओहायोकर | २१ मे, पहाटे ५.५०

आमच्याकडची बार्न वेगळ्याच कारणाने ओळखीची आहेत. आग्नेय ओहायो आणि वेस्ट व्हर्जिनियात काळ्या भिंतीवर पिवळी-पांढरी अक्षरं: 'च्यू मेल पाउच टोबॅको'. तंबाखूची जाहिरात. कंपनी शेतकऱ्याला थोडे पैसे द्यायची आणि बार्न रंगवून मिळायचं. हार्ले वॉरिक नावाच्या रंगाऱ्याने १९४६ पासून जवळजवळ पन्नास वर्षं हेच काम केलं, २० हजारांवर बार्न. आधी आखणी नाही, मोजमाप नाही, झुल्यावर बसून सरळ अक्षरं. १९६५ च्या महामार्ग सुशोभीकरण कायद्याने रस्त्याकडेच्या जाहिरातींवर बंधनं आणली, पण या बार्नना १९७० च्या दशकात वारसा म्हणून सूट मिळाली.

तंबाखूची जाहिरात जपावी का, असा प्रश्न मला पडायचा. आता त्या अक्षरांत मला तंबाखू दिसत नाही, उन्हात झुल्यावर बसलेला माणूस दिसतो.

दुसरी गोष्ट आणखी जवळची. २००१ मध्ये आमच्या अॅडम्स काउंटीत डॉना स्यू ग्रोव्हज यांनी आपल्या आईच्या सन्मानासाठी बार्नवर क्विल्टचा एक चौकोन रंगवण्याची कल्पना मांडली. गोधडीचा एक तुकडा, आठ फूट बाय आठ फूट, लाकडावर. आता कितीतरी राज्यांत त्यांच्या वाटा आखल्या आहेत. माझी आई इथे आली तेव्हा असा एक चौकोन पाहून तिने ठिगळं मोजायला सुरुवात केली होती.


धुकट | २१ मे, सकाळी ८.१५

विस्कॉन्सिनमधून. गोल बार्न पाहायची तर व्हर्नन काउंटीला या. त्यांतली बरीच अल्गा शिव्हर्स या कृष्णवर्णीय सुताराने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बांधली. शायन व्हॅली म्हणून वस्ती होती, गोरे-काळे शेजारी शेती करायचे. गोल कशासाठी? मधोमध सायलो, भोवती गाई तोंड आत करून. चारा टाकणाऱ्याने मध्ये उभं राहून फिरायचं.

पक्ष्यांमध्ये आमचा मान सँडहिल क्रेनला. क्रौंच कुळातला. १९३० च्या दशकात राज्यात जेमतेम २५ जोड्या उरल्याचा अंदाज होता, आज हजारोंनी आहेत. मक्याच्या कापलेल्या रानात जोडी चालत असते, सावकाश, एकमेकांशी पाऊल जुळवून. ओरडतात तेव्हा आवाज मैलभर जातो.


कडबाकुट्टी | २१ मे, रात्री ९.००

@धुकट, सायलो म्हणजे आपला मुरघासच ना? आमच्याकडं आता पिशवीत करतात, नाहीतर खड्ड्यात. त्यांनी तो उभा केला एवढाच फरक.


धुकट | २१ मे, रात्री ९.४०

अगदी तोच. हिरवा मका कुट्टी करून हवा कोंडून आंबवायचा. उभ्या सायलोत वजनानेच दाबला जातो.


सुतारपक्षी | २२ मे, दुपारी १२.३०

लाकडाबद्दल थोडं लिहितो, माझा जीव तिथे अडकतो. जुन्या बार्नमध्ये शिरलात तर खांब आणि तुळई जिथे मिळतात तिथे बॅटरी मारा. एका लाकडाची जीभ दुसऱ्याच्या खाचेत, आणि आरपार ओकची खुंटी. खिळा नाही. जवळच छिन्नीने कोरलेल्या रोमन आकड्यांसारख्या खुणा सापडतील. सांगाडा आधी जमिनीवर जुळवायचे, प्रत्येक सांध्याला जोडीची खूण करायची, मग शेजारीपाजारी जमवून एका दिवसात उभा करायचे. दोन लाकडांवर तीच खूण असते म्हणून त्यांना 'मॅरेज मार्क्स' म्हणतात. दोनशे वर्षांमागच्या सुताराच्या हातचा ओरखडा बोटाखाली लागतो.

कधी-कधी लाकूड चेस्टनटचं निघतं. त्या झाडावर एक बुरशी आली, १९०४ मध्ये न्यू यॉर्कला पहिल्यांदा दिसली, आणि काही दशकांत पूर्वेची जंगलं चेस्टनटविना झाली. ते वृक्ष आता बार्नच्या तुळयांमध्येच भेटतात.

म्हणूनच बार्न पाडून त्याच्या फळ्या हॉटेलांच्या भिंतींना विकतात तेव्हा मला राग येतो. शेतकऱ्याचा नाही. छपराचा खर्च त्याला झेपत नाही आणि फळ्यांना भाव आहे. बार्न मरतं ते छपरापासून. पत्रा एका ठिकाणी उडाला की पाणी सांध्यात जातं, खुंटी कुजते, मग दहा-पंधरा वर्षांत पाखं बसतं. रस्त्यावरून जाताना कणा वाकलेलं बार्न दिसलं तर आत पाणी गेलंय समजा.


आजोळ | १६ जून, रात्री ८.५५

जाऊन आलो! ११ हेक्स मोजले मुलांनी. पण एका गोष्टीने मुलगी रडली. केम्प्टनच्या पुढे एका गवताच्या रानावर काळे-पांढरे पक्षी उडत होते, डोक्यामागे पिवळट टोपी, उडताना गाणं म्हणजे खुळखुळ्यासारखं. जेवून परत आलो तर ट्रॅक्टर फिरून अर्धं रान कापलेलं. पक्षी वर घिरट्या घालत होते. तिने विचारलं, त्यांची घरं होती का तिथे? मला उत्तर माहीत नव्हतं.


पाणकणीस | १६ जून, रात्री १०.१०

बोबोलिंक होते ते. आणि हो, घरटी जमिनीवर, गवतातच असतात. उत्तर कळल्यावर तिला कसं सांगायचं ते तुम्हीच ठरवा, पण खरं सांगावं असं मला वाटतं.

हा पक्षी हिवाळ्यात दक्षिण अमेरिकेत जातो, थेट अर्जेंटिना-पॅराग्वेच्या गवताळ प्रदेशापर्यंत. येऊन-जाऊन जवळपास २० हजार किलोमीटर. मेमध्ये परततो, आणि पिल्लं उडायला जुलै उजाडतो. पूर्वी पहिली कापणी उशिरा व्हायची, गवत उन्हात वाळवायचं असायचं. आता लवकर वाढणारं गवत, जलद यंत्रं, आणि ओलाच चारा आंबवायची सोय. कापणी मेअखेर-जूनवर आली. नेमकं पिल्लं असतानाच.


टिपकागद | १७ जून, सकाळी ७.३५

मग कायद्याने १५ जुलैपर्यंत कापणी बंद करावी. एवढं कळत असून लोक कसे कापतात?


कडबाकुट्टी | १७ जून, सकाळी ८.०५

दादा, गवत फुलोऱ्याच्या पुढं गेलं की काडी होते. प्रथिनं उतरतात. गाईचं दूध उतरतं. महिनाभर थांबायचं म्हणजे अर्धा चारा घालवायचा, त्याचे पैसे कोण देणार ते आधी सांगा. शेतकऱ्याला पाखरं नको असतात असं नाही. आमच्या रानात टिटवीची अंडी दिसली तर आम्ही तेवढा तास सोडून पाळी घालतो. पण तो एक तास असतो, सगळं रान नाही.


टिपकागद | १७ जून, सकाळी ११.२०

मान्य. मी घाईने लिहिलं. घोड्यांसाठी गवत करणारे थांबू शकतील का? घोड्याला उशिराचं गवत चालतं असं वाचलंय.


पाणकणीस | १७ जून, संध्याकाळी ६.४५

चालतं, आणि बरेच जण तेच करतात. दुधाळ गाईला कोवळा चारा लागतो, घोड्याला किंवा भाकड जनावराला नाही. काही ठिकाणी शेतकऱ्याला भरपाई देऊन ठरावीक रान जुलैपर्यंत राखतात. आणखी एक मधली वाट म्हणजे सगळ्यांत ओली, कमी उताऱ्याची पट्टी शेवटी कापायची. अण्णांना फोनवर हे सांगितलं तर म्हणाले, "ओल्या पट्टीची वैरण गंजीत घालू नये, तापते आणि पेट घेते." इथली बार्न जळतात त्याचं एक मोठं कारण हेच आहे, ओलसर गवत आतून तापून पेटतं. लँकेस्टर आणि यॉर्कच्या भागात विटांच्या बार्नच्या भिंतींत शंकरपाळ्यासारख्या जाळ्या ठेवलेल्या दिसतात, त्या गवताला वारा लागावा म्हणून.


ओहायोकर | १८ जून, सकाळी ६.३०

खोक्यांबद्दल एक सूचना. ब्लूबर्डसाठी खोकं लावणार असाल तर भोक दीड इंचाचं ठेवा. त्यातून साळुंकीच्या जातीची स्टार्लिंग शिरत नाही. आपली चिमणी मात्र शिरते. ती इथली नाही, १८५० च्या सुमाराला ब्रुकलिनला आणून सोडली. स्टार्लिंग १८९० मध्ये सेंट्रल पार्कला. दोघीही घरटी बळकावतात. गावाकडे चिमण्या कमी झाल्या म्हणून जीव तुटतो, आणि इथे खोक्यातून त्यांचं घरटं काढावं लागतं. ते काम मी करतो, पण हात जड होतो.


सुतारपक्षी | ९ ऑगस्ट, रात्री ९.१५

वाईट बातमी. ७८ च्या लगत, मी ज्या बार्नची मोजमापं घेत होतो ते गेलं. जमीन विकली. तिथे गोदाम होणार आहे, या पट्ट्यात गेली काही वर्षं ओळीने होताहेत तशी. न्यू यॉर्क आणि फिलाडेल्फिया दोन्ही जवळ, महामार्ग दाराशी, म्हणून. सांगाडा दुसरीकडे उभा करायला न्यावा अशी विनंती विकसकाकडे केली होती. उत्तर आलं नाही, आणि एका सकाळी तिथे फक्त दगडी पाया होता. मातीचा चढ तसाच आहे. वर चढून गेलं की पुढे काही नाही.


कडबाकुट्टी | १० ऑगस्ट, सकाळी ६.००

मोजमापं घेतलीत ना? ती जपून ठेवा.


सुतारपक्षी | १० ऑगस्ट, सकाळी ७.४०

घेतलीत. सगळ्या खुणांची चित्रंही आहेत.


पाणकणीस | २१ सप्टेंबर, रात्री ११.००

कालचा वृत्तांत. सप्टेंबरच्या मध्याला हॉक माउंटनला जायचंच, असं ठरलेलं असतं. केम्प्टनवरून वर जाणारा रस्ता, मग मैलभर दगडांतून चाल, आणि नॉर्थ लुकआउट. खाली सगळी शेतं आणि बार्न काडेपेटीएवढी. काल वारा वायव्येचा होता. सकाळी दहानंतर ब्रॉड-विंग्ड हॉक यायला लागले. ऊन तापून हवा वर चढायला लागली की त्या भोवऱ्यात ते गोल-गोल चढतात, आधी पाच, मग पन्नास, मग मोजता येत नाहीत, आणि माथ्यावरून एकामागून एक पंख न हलवता दक्षिणेला घसरतात. जाणार मध्य आणि दक्षिण अमेरिकेला.

याच कड्यावर १९३० च्या आसपास लोक बंदुका घेऊन बसायचे. शिकारी पक्षी म्हणजे कोंबड्यांचे वैरी असा समज होता. गॉसहॉक मारला तर राज्य पाच डॉलर बक्षीस द्यायचं. खाली पडलेल्या पक्ष्यांच्या रांगांचे फोटो न्यू यॉर्कच्या रोझली एज यांनी पाहिले. १९३४ मध्ये त्यांनी १४०० एकर डोंगर भाड्याने घेतला आणि मॉरिस ब्रून यांना रखवालदार नेमलं. ब्रून यांनी त्याच वर्षी मोजणी सुरू केली. महायुद्धाची तीन वर्षं सोडली तर ती आजही चालू आहे. डीडीटी या कीटकनाशकाच्या काळात गरुडांची पिल्लंच येत नाहीत हे दाखवायला पुढे त्याच वह्या कामी आल्या.

माझ्या शेजारी एक आजी बसल्या होत्या, हातात मोजणीचं क्लिकर, डोळे दुर्बिणीला. दोन तासांत माझ्याशी बोलल्या ते एकच वाक्य: "त्या ढगाच्या कडेला बघ." बघितलं तर टाचणीच्या टोकाएवढे ठिपके, सत्तर-ऐंशी.

उतरताना मेमधल्या त्या बार्नच्या मालकांकडे गेले. अण्णांनी फलटणहून पाठवलेली ज्वारीची दोन कणसं द्यायची होती, कुरिअरने बिया नकोत म्हणून दाणे काढलेली, नुसती पिशी. त्यांनी ती खिळ्याला अडकवली.

मग म्हणाले, एक दाखवतो. बार्नच्या मागे जुना काँक्रीटचा सायलो आहे, वापरात नाही. आत जमिनीवर काळपट, चकचकीत गोळ्या पडलेल्या, अंगठ्याएवढ्या. घुबडाने ओकलेल्या. एक फोडली तर आत राखाडी केसांच्या गादीत लहानशी कवटी, पुढचे दात पिवळे. शेतातल्या व्होलची, आखूड शेपटीच्या उंदरासारखा असतो तो. दुसऱ्या गोळीत तीन कवट्या. वर खोकं लावलेलं आहे. पेनसिल्व्हेनियात गव्हाणी घुबड फार कमी उरलंय, गवताळ रानं गेली आणि बार्नची दारं बंद झाली म्हणून. राज्याचं गेम कमिशन (वन्यजीव खातं) अशी खोकी लावतं. पक्षी दिसला नाही. मी वर बॅटरी मारली नाही, त्यांनीही मारू दिली नसती. पण थांबलो तेव्हा वरून आवाज आला, वाफ सुटल्यासारखा, लांब.

@कडबाकुट्टी, तुम्ही लिहिलंत तसाच, फुस्स.


कडबाकुट्टी | २२ सप्टेंबर, सकाळी ५.५५

अंगावर काटा आला ताई. नव्या शेडला माळा ठेवायचा विचार या पावसाळ्यात चालला होताच. पत्र्याच्या खाली लाकडी खोकं बसवतो, पूर्वेला तोंड करून. भोक केवढं ठेवू?


धुकट | २२ सप्टेंबर, सकाळी ९.३०

इथे साधारण सहा इंच ठेवतात. भोक खोक्याच्या तळापासून बऱ्यापैकी वर घ्या, पिल्लं बाहेर घरंगळत नाहीत. आणि शेडमध्ये उंदराचं औषध बंद करा, विष खाल्लेले उंदीर खाऊन घुबडं मरतात.


कडबाकुट्टी | २२ सप्टेंबर, सकाळी ९.५०

औषध आजपासून बंद.


पाणकणीस | २९ सप्टेंबर, रात्री १०.२०

आज अण्णांचा फोटो आला. फलटणला घरासमोरच्या विजेच्या तारेवर भिंगऱ्या, अण्णांनी मोजल्या, ३४. खाली लिहिलंय: "तुमच्याकडच्या आल्या." मी फोन करून सांगितलं, अण्णा, जात तीच, पण या उत्तर आशियातून हिमालय ओलांडून आल्या. आमच्याकडच्या दक्षिण अमेरिकेला जातात. ते म्हणाले, "असू दे. त्या माणसाला सांग, इकडं पोचल्या."

मी मालकांना फोटो पाठवला. त्यांचं उत्तर एका ओळीचं होतं. बार्नच्या दाराचा वरचा भाग त्यांनी आज लावून घेतला.